हेरगिरी गुप्त असू द्या, बेरीज नको

केंद्र सरकारच्या जमाखर्चात खर्चाच्या प्रत्येक प्रकाराला क्रमांक असतो. ०१ म्हणजे वेतन, १३ म्हणजे कार्यालयीन खर्च, ५१ म्हणजे मोटारवाहने. याच यादीत ४१ हा क्रमांक 'गुप्त सेवा खर्च' या शीर्षाचा आहे. बाकीच्या शीर्षांखाली शंभर रुपये खर्च झाले तरी बिल, पावती आणि मंजुरीचा आदेश फायलीत लागतो, लेखापरीक्षकाने मागितला की पुढ्यात ठेवावा लागतो. ४१ ला दाखला पुरतो. वर्ष संपलं की खर्च करणारा अधिकारी लिहून देतो: अमुक रक्कम खर्च झाली, एवढी शिल्लक उरली, आणि हा खर्च गुप्त निधीतूनच होणं सार्वजनिक सेवेच्या हिताचं होतं. सरकारने नेमलेला एक वरिष्ठ अधिकारी आतल्या आत तपासणी करतो, दाखला लेखापरीक्षणाकडे जातो आणि कॅगचं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकाचं, काम तिथेच थांबतं.

ही पद्धत वेडगळ नाही. सीमेपलीकडच्या माणसाला पैसे दिल्यावर व्हाउचरवर त्याची सही घेता येत नाही. घेतलीच आणि तो कागद भलत्याच्या हाती पडला, तर माणूस जिवानिशी जातो. शहरातल्या गुन्हे शाखेचा खबरीही खऱ्या नावाने अंगठा उठवणार नाही. म्हणून नावाऐवजी सांकेतिक नाव, पावतीऐवजी अधिकाऱ्याची नोंदवही. जिथे हेरखातं आहे तिथे या ना त्या रूपात हेच चालतं, आणि चालू द्यायला हवं.

तेव्हा वाद या नोंदवहीशी नाही. वाद दोन निराळ्या गोष्टींशी आहे. एक, गुप्तचर संस्थेचा वर्षाचा एकूण खर्चच लपवला जातो. दोन, ज्यात गुप्त ठेवण्यासारखं काहीही नाही असा खर्चसुद्धा गुप्ततेच्या पांघरुणाखाली सरकवला जातो. आणि पहिल्या गोष्टीमुळे दुसरी सहज खपून जाते.

आधी बेरजेचं बघू. देशांतर्गत गुप्तवार्ता पाहणाऱ्या आयबीची तरतूद दरवर्षी गृह मंत्रालयाच्या पोलीस मागणीत, म्हणजे पोलिसांसाठी लोकसभेकडे मागितलेल्या रकमेत, उघड छापलेली असते. २०२३-२४च्या अर्थसंकल्पात ती सुमारे ३,४१८ कोटी रुपये होती. रॉची, म्हणजे परदेशात हेरगिरी करणाऱ्या 'रिसर्च अँड ॲनालिसिस विंग'ची, तशी ओळ सापडत नाही. १९६८च्या सप्टेंबरमध्ये आयबीचा परदेशी भाग वेगळा काढून रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखाली ही संस्था उभी राहिली आणि मंत्रिमंडळ सचिवालयाच्या छत्राखाली गेली. नावातच ती 'विंग' आहे, म्हणजे सचिवालयाची एक शाखा. तिच्यामागे संसदेचा कायदा नाही. तसा तो १८८७ पासून चालत आलेल्या आयबीमागेही नाही, आणि कारगिलनंतरच्या फेररचनेतून २००४ मध्ये निघालेल्या एनटीआरओ या तांत्रिक गुप्तवार्ता संस्थेमागेही नाही. पण आयबीला निदान अर्थसंकल्पात जागा आहे.

आता हा भेद टिकतो का ते पाहा. देशातले परकी हेर आणि दहशतवादी गट शोधणं हे आयबीचं काम. तिचा आकडा इस्लामाबाद आणि बीजिंगमधले लोक दरवर्षी फेब्रुवारीत आरामात वाचतात. संरक्षण मंत्रालयाचा आकडाही वाचतात. २०२४-२५ मध्ये तो ६.२१ लाख कोटींचा होता, आणि त्यातही वेतन किती, निवृत्तिवेतन किती, विमानांसाठी किती, नौदलाच्या ताफ्यासाठी किती, हे सुटं छापलेलं असतं. शत्रूला पाणबुड्यांवरचा खर्च कळलेला चालतो आणि रॉची एकूण बेरीज कळलेली चालत नाही, याला एकच स्पष्टीकरण उरतं: पूर्वी कधी छापली नाही म्हणून आताही छापायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मुठीत लाख आहेत की हजार कोटी, हे पैसे देणाऱ्याला तरी ठाऊक हवं.

अनुच्छेद २६६ सांगतो की कायद्यानुसार असल्याशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य खजिन्यातून, पैसा काढता येत नाही. अनुच्छेद ११३ लोकसभेला प्रत्येक मागणी मान्य करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार देतो. हा अधिकार वापरायची पद्धतही ठरलेली आहे. एखाद्या खात्याच्या कारभाराबद्दल विशिष्ट तक्रार मांडायची तर खासदार शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सूचना देतो, धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर आणा अशी सूचना देतो. रॉच्या बाबतीत ही शंभर रुपयांची कपात नेमकी कुठल्या ओळीवर सुचवायची? ओळच नाही. शिवाय शेवटच्या दिवशी गिलोटिन पडतं आणि चर्चेविना उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मंजूर होतात, ते वेगळंच.

हा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी बहिर्जी नाईकांचं नाव घेतं आणि टाळ्या पडतात. बहिर्जींच्या खर्चाला लोकसभा मंजुरी देत नव्हती, एवढंच त्यावर म्हणता येईल.

गुप्त निधीचं काय होतं, हे बघायचं तर अमेरिकेकडे जावं लागतं. तिथलं गुपित आपल्यापेक्षा मोठं होतं आणि ते तुकड्यातुकड्याने बाहेर आलं, म्हणून त्याची यंत्ररचना दिसते. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात स्पष्ट वाक्य आहे की सार्वजनिक पैशाच्या जमाखर्चाचं विवरण वेळोवेळी प्रसिद्ध झालं पाहिजे. १९४९च्या सीआयए कायद्याने त्याला बगल दिली. एक तर गोपनीय कामावरचा खर्च निव्वळ संचालकाच्या दाखल्यावर मान्य करायचा. आपला ४१चा दाखला आठवा. दुसरं, या संस्थेला इतर खात्यांकडून पैसे वळते करून घेता येतील. म्हणजे काँग्रेसने, तिथल्या संसदेने, हवाई दलाच्या एखाद्या गुळमुळीत शीर्षाखाली रक्कम मंजूर करायची आणि त्यातला भाग गुपचूप दुसरीकडे जायचा. यात हेरखात्याचा हिशेब झाकला जातोच, पण ज्याच्या पोटात तो लपवला त्या खात्याचा हिशेबही खोटा होतो. हवाई दलाचा छापील आकडा वाचणाऱ्याला हवाई दलावर किती खर्च होतो हेसुद्धा कळत नाही. पेनसिल्व्हानियातल्या रिचर्डसन नावाच्या करदात्याने घटनेतल्या त्याच वाक्यावर बोट ठेवून दावा लावला. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. विवरण द्यावं की नाही, यावर निकाल नव्हताच. केवळ करदाता आहे म्हणून हा दावा लावता येत नाही, इतकंच न्यायालय म्हणालं.

या रचनेतून काय निघालं त्याचा नमुना म्हणजे एनआरओ, हेरगिरीचे उपग्रह बांधणारी आणि चालवणारी संस्था. ती १९६१ मध्ये स्थापन झाली, आणि अशी काही संस्था आहे हे सरकारने १९९२ मध्ये कबूल केलं. दोन वर्षांनी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीच्या लक्षात आलं की वॉशिंग्टनजवळ, डलस विमानतळाच्या शेजारी, या संस्थेचं ३० कोटींहून अधिक डॉलरचं मुख्यालय उभं राहतंय आणि त्याचा एकूण खर्च समितीपुढे नीट कधी ठेवलाच गेला नव्हता. बाहेर ते एका खासगी कंपनीचं बांधकाम म्हणून दाखवलं जात होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती इमारत दिसत होती. ज्यांनी पैसे मंजूर केले त्यांना तिची किंमत दिसत नव्हती. पाठोपाठ १९९५ मध्ये कळलं की याच संस्थेकडे एक अब्जाहून जास्त डॉलर न खर्च होता साठले आहेत.

हे पैसे कुणी घरी नेले नव्हते. घडलं ते असं: उपग्रहाचं काम अनेक वर्षं चालतं, म्हणून प्रत्येक प्रकल्प कार्यालय अडीअडचणीसाठी थोडी रक्कम पुढच्या वर्षावर ओढायचं. एकेका कार्यालयाचा विचार शहाणपणाचाच. पण कार्यालयं एकमेकांपासूनही गुप्त, त्यामुळे सगळ्यांच्या शिलकीची बेरीज करणारा माणूसच नव्हता. प्रकरण संस्थेच्या प्रमुखाला आणि उपप्रमुखाला भोवलं, १९९६ मध्ये दोघांनाही पदं सोडावी लागली. बेरीज बाहेरच्यांपासून झाकता झाकता ती आतल्यांनाही येईनाशी होते, हा धडा भ्रष्टाचाराच्या कुठल्याही किश्शापेक्षा महत्त्वाचा आहे.

किस्साही आहे. सीआयएमधला तिसऱ्या क्रमांकाचा अधिकारी काइल फोगो याने बालमित्राच्या कंपनीकडे कंत्राटं वळवली. त्यातलं एक बाटलीबंद पाणी पुरवण्याचं होतं, मध्ये नामधारी कंपनी घालून चढ्या दराने. २००८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, पुढच्या वर्षी ३७ महिन्यांची शिक्षा झाली. पाण्याच्या बाटलीत कुठलं गुपित असतं? पण गुप्त संस्थेत निविदा न काढण्याला 'सुरक्षेचं कारण' हे दोन शब्द पुरतात, आणि ते शब्द खरे आहेत का हे विचारणारा बाहेर कुणी नसतो.

बेरीज उघड झाल्यावर काय झालं? १९९७ मध्ये न्यायालयातल्या दाव्यामुळे सीआयएच्या संचालकांनी पहिल्यांदा आकडा दिला: २६.६ अब्ज डॉलर. पुढच्या वर्षी २६.७. मग १९९९ मध्ये पुन्हा नकार, देशाला धोका म्हणून. २००५ मध्ये एका वरिष्ठ गुप्तवार्ता अधिकाऱ्याच्या तोंडून भर परिषदेत ४४ अब्ज हा आकडा निसटला आणि काहीही कोसळलं नाही. ९/११च्या आयोगाने तर एकूण रक्कम जाहीर करा अशी शिफारसच केली होती, त्यावरून २००७ मध्ये कायदा झाला आणि पहिला आकडा आला ४३.५ अब्ज. आता तो दरवर्षी येतो. २०२४च्या वित्तीय वर्षाचा राष्ट्रीय गुप्तवार्ता कार्यक्रम ७६.५ अब्ज, लष्करी २९.८ अब्ज. ज्या धोक्याच्या नावाखाली पन्नास वर्षं तो दडवला, तो धोका कुठे दिसला नाही.

मात्र एवढ्यावर खूश होण्याचं कारण नाही. बेरीज जाहीर होत असतानाच एनएसए ही अमेरिकेची संदेश टिपणारी संस्था कोट्यवधी लोकांच्या फोनची नोंद साठवत होती, आणि ते २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने कागद बाहेर काढल्यावर कळलं. स्नोडेन त्याच संस्थेसाठी काम करणारा कंत्राटी कर्मचारी. आकडा छापल्याने गैरकृत्य पकडलं जात नाही. आकड्यामुळे फक्त प्रश्न विचारायला टेकू मिळतो. विचारणारा माणूस वेगळा नेमावा लागतो.

ब्रिटनने त्याची जोड बऱ्यापैकी घातली आहे. तिथे एमआय५, एमआय६ आणि जीसीएचक्यू या तिन्ही गुप्तचर संस्थांची रक्कम एका सामाईक खात्यात दाखवतात. बेरीज प्रसिद्ध होते, कुणाला किती हे झाकलेलं राहतं. पण आत जाऊन वह्या तपासण्याचा अधिकार राष्ट्रीय लेखापरीक्षकाला आहे आणि १९९४च्या कायद्याने संसद सदस्यांची समितीही बसली आहे. रॉचा सुटा आकडा देणं दिल्लीला अगदीच जड जात असेल, तर रॉ, एनटीआरओ आणि इतर मिळून एक ओळ, ही तडजोड ब्रिटनमध्ये चालते आहेच.

आपल्याकडे आकडे न सांगितल्याचा तोटा कसा होतो, याचं उदाहरण अर्थसंकल्पाच्या पानातच आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद सचिवालयाची तरतूद २०१६-१७ मध्ये ३३.१७ कोटी होती. २०१७-१८ मध्ये ती ३३३.५८ कोटी झाली, आणि वाढीचे ३०० कोटी सायबर सुरक्षा संशोधन अशा नव्या शीर्षाखाली होते. २०२१ मध्ये फोनमध्ये शिरून पाळत ठेवणाऱ्या पेगॅसस सॉफ्टवेअरचं प्रकरण फुटलं. हे सॉफ्टवेअर फक्त सरकारांना विकतो असं ते बनवणारी एनएसओ कंपनीच सांगते, म्हणून लोकांनी साहजिकच त्या दहापट उडीकडे बोट दाखवलं. या ३०० कोटींचा पेगॅससशी संबंध आहे याला कुठलाही पुरावा नाही, हे आधी स्पष्ट म्हणायला हवं. ते पैसे अगदी सरळ कामाला गेले असू शकतील. पण तसं दाखवून द्यायची सोय सरकारने स्वतःकडेच ठेवलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. तिने २९ फोन तपासले, पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच असं ठरवता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीने नोंदवलं. फोन फोडून पाहण्यापेक्षा सोपा रस्ता खरेदीच्या कागदाचा होता. तो बंद, म्हणून आरोपही उभा आणि खुलासाही लटकलेला.

माहिती अधिकाराचाही इथे उपयोग थोडाच. कलम २४ने दुसऱ्या अनुसूचीतल्या संस्थांना कायद्यातून वगळलं आहे, पण भ्रष्टाचाराचे आणि मानवी हक्कभंगाचे आरोप त्या सवलतीत बसत नाहीत. कागदावर हे चांगलं आहे. पण खर्च झाला हेच ज्याला माहीत नाही, तो त्यातल्या भ्रष्टाचाराचा आरोप कशाच्या आधारे करणार?

विरोधातला सर्वांत गंभीर मुद्दा असा: एका वर्षाच्या आकड्याने काही कळत नाही, पण दहा वर्षांचे आकडे ओळीने लावले तर एखाद्या वर्षीची उडी दिसते आणि शत्रू अंदाज बांधतो. यात तथ्य आहे. म्हणून सामाईक ओळ, म्हणून तपशील बंद. पण उपग्रह, इमारत किंवा मोठी भरती या गोष्टी शत्रूला अर्थसंकल्पाआधी इतर मार्गांनी कळतात, आणि उडी कशासाठी हे बेरीज सांगत नाही. दुसरा मुद्दा नेहमीचाच, खासदारांच्या पोटात काही राहत नाही. रॉच्या इतिहासातली कुप्रसिद्ध फितुरी संयुक्त सचिव दर्जाच्या रवींदर सिंगची. २००४ मध्ये तो देशाबाहेर पळून अमेरिकेत गेला, आणि तो कुठल्या संसदीय समितीत नव्हता.

मार्ग सुचवणारे लोक आतलेच आहेत. उपराष्ट्रपती असताना हमीद अन्सारींनी २०१० मध्ये, तेही काव यांच्या स्मृतिव्याख्यानात, संसदीय समितीची कल्पना मांडली. २०११ मध्ये काँग्रेसचे खासदार मनीष तिवारींनी या संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणणारं खासगी विधेयक आणलं. त्याचा कायदा झाला नाही, आणि १९७० नंतर कुठल्याही खासगी विधेयकाचा झालेला नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संस्थांचं कॅगकडून लेखापरीक्षण मागणारी जनहित याचिका फेटाळली. त्यामुळे चेंडू संसदेच्याच अंगणात आहे.

करायचं काय, ते फार अवघड नाही. ४१ या शीर्षाखाली फक्त दोन गोष्टी ठेवा: खबऱ्यांना दिलेला पैसा आणि प्रत्यक्ष मोहिमेचा खर्च. इमारत, गाड्या, पगार, संगणक, कॅन्टीन, पाणी हे सगळं नेहमीच्या शीर्षांखाली आणा आणि सुरक्षा पडताळणी झालेल्या कॅगच्या मोजक्या अधिकाऱ्यांना त्याच इमारतीत बसवून तपासू द्या. कागद बाहेर न्यायची गरज नाही. दाखल्यावर पैसे वाटणाऱ्याची सही पुरू नये, त्याच्या साखळीबाहेरच्या माणसाचीही हवी.

खबऱ्यांच्या पैशात गडबड कुठे होते, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा: कागदावरचा खबरी. सांकेतिक नाव आहे, दरमहा रक्कम जाते, माणूसच नाही. किंवा माणूस आहे, पण वहीत पाच हजार आणि त्याच्या हातात दोन. मार्च जवळ आला, निधी परत जाणार असं दिसलं, की अशा नावांचं पीक येतं. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे अचानक प्रत्यक्ष भेट. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने वहीतली चारदोन नावं आपल्या मनाने निवडायची, त्या माणसांना भेटायचं, रक्कम विचारायची आणि आधीच्या अहवालांशी ताडायची. सोबत, पैसे दिले त्या महिन्यात त्या नावाने खबर कुठली आली हेही बघायचं. सहा महिने पैसे जातात आणि खबर एकही नाही, तर वही बोलायला लागते. परदेशातल्या स्रोताला असं भेटणं कठीण, तिथे अहवालांची ताडणीच करावी लागेल. पण देशातल्या देशात ते न करण्याला निमित्त नाही.

हे महाराष्ट्रालाही लागू आहे. राज्य गुप्तवार्ता विभागाची आणि पोलिसांच्या खबऱ्यांची व्यवस्था दिल्लीच्याच साच्यातली आहे, आणि ती सुधारायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. २६/११नंतर राज्याने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि रॉमधून निवृत्त झालेले व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. दोघांनाही दिल्लीची नस माहीत होती, पण समिती राज्याची, त्यामुळे केंद्रीय संस्थांच्या दारातच तिची हद्द संपली. केंद्राच्या संस्थांकडे हिशेब मागू शकेल अशी जागा फक्त संसदेतच आहे.

आणि संसदेतही सुरुवात समितीपासून करायची गरज नाही. समितीला कायदा लागेल, शपथेचा मसुदा लागेल, सदस्य कोण यावर दोन अधिवेशनं जातील. बेरजेला यातलं काही लागत नाही. अर्थ मंत्रालयाने पुढच्या खर्च अंदाजपत्रकात मंत्रिमंडळाच्या मागणीखाली एक ओळ वाढवायची: बाह्य आणि तांत्रिक गुप्तवार्ता, एकूण, इतके कोटी. मग तिच्यावर शंभर रुपयांची कपात सुचवायची की नाही, ते खासदार बघतील.